दुसऱ्या ओळीतलं नाव

दूधविनायक, वाराणसी
२२ ऑगस्ट २०२४

चि. मधुरा,

आशीर्वाद दर पत्रात नव्याने लिहीत नाही, मागचे शिल्लक असतीलच. फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. कानातलं ते मशीन घातलं की तुझा आवाज येत नाही, नुसती शिट्टी येते, आणि काढलं तर शिट्टीही येत नाही. मोबाइलवर टाइप करायला गेले की 'आशीर्वाद'चं काहीतरी भलतंच होऊन बसतं. तेव्हा आपलं पत्रच बरं. पोस्टमन अजून आपल्या गल्लीत घर चुकत नाही.

आता कामाचं. तुझी आत्या तुझ्याबद्दल जरा जास्तच बोलते असं हल्ली ऐकू येतं. बोलणारच! मतदानाच्या शास्त्रावर डॉक्टरेट करणारी या गल्लीत दुसरी कोण आहे? अर्ध्या लोकांना वाटतं तू निवडणूक लढवणार आहेस. परवा मृणालिनीच्या सासूबाईंनी विचारलं, "कोणत्या पार्टीकडून?" मी म्हटलं, "गणिताच्या."

तर त्या गणिताची आपल्या मराठी मंडळाला गरज पडली आहे. मंडळाच्या माडीवरच्या खोलीचं तुला काय सांगायचं, तूही तिथेच घोकलंस. तेच लांब टेबल, तेच दोन पंखे, आणि घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुली. सध्या नऊ जणी येतात. एकीच्या घरी दीड खोलीत सहा माणसं, ती शाळेतून थेट इथेच येते. मी संध्याकाळी दिवा लावते, गणित अडलं तर बघते, बाकी गप्प बसते. आपल्या अध्यक्षाला, विश्वेशला, ती खोली यात्रेकरूंसाठी हवी आहे. त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. महाराष्ट्रातून आलेली म्हातारी माणसं बालाजी घाटाच्या पायऱ्या चढून धापा टाकत वर येतात आणि उतरायला जागा नसते. तेव्हा हाच मुलगा त्यांना हात धरून आणतो. पण मग मुलींनी कुठे जायचं? "देखेंगे आत्याबाई," म्हणतो.

मागच्या चुनावात काय झालं आठवतं ना? खोली मुलींना राहू द्या म्हणणारे जास्त होते, पण त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या दोघी. एक बँकेतली निवेदिता, दुसरी आपली मृणालिनी. मतं फुटली आणि विश्वेश अध्यक्ष झाला. यंदा कोजागिरीला परत चुनाव आहे आणि परत तेच तिघं उभे. दोघींपैकी एकीने बसावं म्हणून मी पाय धरायचेच काय ते बाकी ठेवलेत. निवेदिता म्हणते, मी सोलापूरची, मी बसले तर नोकरीसाठी आलेल्या आम्हा नव्या लोकांना कोण विचारणार? मृणालिनी म्हणते, आम्ही पाच पिढ्या इथे, आम्ही का बसायचं? दोघींचंही खरं, आणि दोघींच्या खऱ्यापायी खोली जायची. विश्वेशने सांगून टाकलंय, निवडून आलो की दिवाळीनंतर वर खाटा टाकणार.

तुझ्या शास्त्रात यावर औषध असेल तर कळव. नसेल तर दिल्लीचा धूर कशाला खातेस?

तुझी
शरदिनी आत्या


दिल्ली
३१ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

तू म्हणण्याआधीच वाकून नमस्कार केला आहे, उठू दे आता.

तुझं पत्र मी मेसमध्ये मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवलं. 'गणिताच्या पार्टी'ला टाळ्या पडल्या. आणि आत्या, खरं सांगते, आम्ही जो प्रश्न पुस्तकांतून दोन दोन वर्षं उकरत बसतो तो तू एका पानात मांडलास. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू!

हे बघ. हात वर करण्याच्या पद्धतीत माणूस फक्त आपलं पहिलं सांगतो. बाकीचं त्याच्या पोटातच राहतं. मृणालिनीवहिनींना मत देणाऱ्याला विश्वेशदादापेक्षा निवेदिताताई चालल्या असत्या का, हे कोणी विचारलंच नाही. ते विचारायला हवं. म्हणून यंदा पर्च्या करा. प्रत्येकाने सगळ्या उमेदवारांचा क्रम लावायचा. चौघं असतील तर पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. बेरीज ज्याची जास्त तो अध्यक्ष. मग दोघी उभ्या राहिल्या तरी बिघडत नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगते की निर्दोष पद्धत जगात नाही. हे माझं मत नाही, सिद्ध झालेलं आहे. कधी कधी असं होतं की लोकांना श्रीखंडापेक्षा पुरणपोळी आवडते, पुरणपोळीपेक्षा मलइयो, आणि मलइयोपेक्षा परत श्रीखंड! एकेकटा माणूस शहाणा असतो, सगळे मिळून मात्र गोल फिरत बसतात. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं. म्हणजे आपण रोज 'लोकांची इच्छा, लोकांची इच्छा' म्हणतो ती मोजायला जावं तर हातात येतेच असं नाही.

एक नियम मात्र कडक पाळ. पर्ची हातात पडल्यापासून पेटीत जाईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. नाहीतर आपल्याकडे शेजाऱ्याच्या पर्चीत डोकावून "अरे, ये क्या कर रहे हो" सुरू होतं.

आणि माझा एक स्वार्थ. माझ्या प्रबंधाचा चौथा अध्याय असा आहे की जिथे माणसं एकमेकांना ओळखतात तिथे ती क्रम लावताना लबाडी करत नाहीत, मनात असतं तेच लिहितात. पुरावा काहीच नाही. माझ्या मार्गदर्शक नंदा मॅडम म्हणतात, "मधुरा, लिखा बहुत सुंदर है, पर इसमें लोग कहाँ हैं?" लोक दूधविनायकात आहेत, आत्या. नावं न घालता तुमचे आकडे वापरू का?

तुझीच
मधुरा


दूधविनायक
१४ सप्टेंबर २०२४

चि. मधुरा,

गणपती बसलेत, गंगा चढली आहे, घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. सगळं जग आमच्या गल्लीत येऊन उभं राहिलंय आणि त्यात मी तुझी पद्धत समजावत फिरते आहे.

निर्दोष काही नसतं हे सिद्ध करायला शास्त्र लागतं होय? चाळीस वर्षं शाळेच्या स्टाफरूममध्ये काढली मी! पण ते श्रीखंडाचं मात्र झकास आहे. मी आधी मुलींवर करून पाहिलं. नऊ जणींना पर्च्या दिल्या, मिठाईचा क्रम लावा म्हटलं. जिला जिलबी मुळीच आवडत नाही त्या रुचीने ती शेवटी लिहिली आणि बेरजेत जिलबी हरली. रुची दिवसभर माझ्या मागे, "बाई, एका भोपळ्याने एवढं होतं?" होतं बाई, होतं.

बैठकीत मला वाटलं विश्वेश मोडता घालणार. तर तो म्हणाला, "मधुराने काढलंय ना? मग माझी ना नाही. ती लहानपणापासून हुशार." असा आहे तो, रागही धड धरता येत नाही. तुझे आकडे खुशाल वापर, सगळे हो म्हणालेत.

यादी मीच लिहून काढली, फळ्यासारख्या अक्षरात. आधी ढुंढिराज काका, मग विश्वेश, निवेदिता, मृणालिनी. काकांचं नाव पहिलं का, ते तू गल्लीतलीच असल्याने तुला सांगायला नको. आजवर प्रत्येक चुनावात त्यांचं नाव आधी घ्यायचं, सगळ्यांनी हात जोडायचे, मग हात वर करायच्या क्षणी काका म्हणणार, "मला सोडा, पुढचं बोला." तो त्यांच्या वयाचा मान. नाव गाळलं तर काय तोंड दाखवायचं?

आत्या


दिल्ली
२५ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

रुचीला सांग, एका भोपळ्यावर मोठमोठ्या प्रोफेसरांनी आयुष्यं घालवली आहेत.

काकांचं नाव राहू दे की. कोणी जुनी माणसं देतील दोन-चार मतं, निकालात फरक पडत नाही. मला धास्ती आहे ती दुसरी. विश्वेशदादाची मंडळी निवेदिताताईंना मुद्दाम शेवटी लिहितील का? पुस्तकांत हाच रोग सांगितलाय, जो तुल्यबळ त्यालाच तळाला ढकलायचं. पण माझं मन म्हणतं आपली माणसं तसं करणार नाहीत. माझा अख्खा अध्याय त्यांच्या भल्या मनावर उभा आहे!

निकाल लागला की पहिलं पत्र मला.

मधुरा


दूधविनायक
१८ ऑक्टोबर २०२४

मधुरे,

तुझी माणसं भली निघाली गं, फारच भली निघाली. ऐक आता.

कोजागिरीचं दूध आटवलं, केशर घातलं. पहिला पेला ढुंढिराज काकांपुढे. काकांना दूध बाधतं हे सगळ्यांना माहीत, तरी पहिला पेला त्यांचाच. ते हात लावतात, "घे," म्हणून शेजारच्याला देतात आणि मग बाकीच्यांचं सुरू होतं. यंदा तो रेल्वेतल्या सुमंतला मिळाला. मग पर्च्या वाटल्या. तुझ्या नियमाने सगळे चिडीचूप. अशी शांतता आपल्या मंडळात शोकसभेलाही नसते. काका पर्ची घेऊन बसले होते. माझ्याकडे दोनदा पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, तर मी ओठावर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम.

मोजायला मी आणि सुमंत. पहिली पर्ची उघडली, पहिल्या ओळीत ढुंढिराज काका. दुसरीतही ढुंढिराज काका. मला हसू आलं. आठ-दहा पर्च्या झाल्या आणि माझं हसू पळालं. चव्वेचाळीस पर्च्यांतल्या सदतीसांवर काका पहिले! बेरीज करायची गरजच नव्हती. शहाऐंशी वर्षांचा माणूस, ज्याला जिना चढवत नाही, तो भरघोस गुणांनी अध्यक्ष.

मग एकेकाला धरून विचारलं. मृणालिनीच्या सासूबाई म्हणतात, "वडील माणूस समोर बसलेलं, पहिल्या ओळीत दुसऱ्याचं नाव लिहू कशी? पहिलं त्यांना, मग आपलं." निवेदितानेसुद्धा स्वतःला दुसरं लिहिलं. विश्वेशनेही! प्रत्येकाला वाटलं, मान राखणारे आपण एकटेच, बाकीचे देतील की बरोबर मत. आणि मी काय लिहिलं ते विचारू नकोस. मीही या गल्लीतच वाढले.

एक पर्ची बाद झाली. कोणीतरी यादीबाहेरचं काहीबाही लिहिलं होतं. सुमंत म्हणाला, काय करायचं? मी म्हटलं, बाद.

काकांना निकाल सांगितला. ते "बरं," म्हणाले, काठी उचलली आणि पंचगंगा घाटाकडे घरी गेले. माझ्या खोलीचं आता काय होणार, मला काही कळत नाही.

आत्या


दिल्ली
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

मी कपाळावर हात मारून घेतला. मी त्या गल्लीत वाढले, कोजागिरीचं दूध प्यायले, आणि काकांचं "मला सोडा" कुठे बसवायचं हे मला सुचलं नाही! हात वर करायच्या पद्धतीत त्यांना ते म्हणायला जागा होती. मी सगळ्यांची तोंडं बंद केली आणि ती जागाच पुसून टाकली.

नंदा मॅडमना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले सर डोकावून गेले. मग गंभीर झाल्या. "तुम्हारे लोगों ने झूठ नहीं लिखा," म्हणाल्या, "पहली जगह उनके यहाँ पसंद की है ही नहीं, आदर की है." माझा अध्याय आडवा झाला आहे. पण चिडवत नाही, आत्या, मला आपल्या माणसांचं कौतुकच वाटतं. जगभरचे लोक लबाडीने मतं बिघडवतात आणि आपण अदबीने बिघडवली.

पर्च्या जपून ठेवल्यास ना? उपाय आहे. काकांचं नाव सगळीकडून काढा आणि उरलेला क्रम पुन्हा मोजा. दुसऱ्या ओळीत जे आहे तेच लोकांचं खरं पहिलं. आणि त्या बाद पर्चीत काय होतं ते कळव, नोंदीसाठी हवं.

इकडे जानेवारीत विभागाचा परिसंवाद आहे. कोण कोण बोलणार त्याची यादी करायचं काम माझ्याकडे आहे. माझं नाव घातलं नाही. आता कोणत्या तोंडाने घालू?

मधुरा


दूधविनायक
६ नोव्हेंबर २०२४

चि. मधुरा,

काकांचं नाव काढा म्हणे! ये आणि तूच काढ. त्यांना जाऊन कोण सांगणार, की काका, सदतीस जणांनी तुम्हाला लिहिलं पण कोणालाच तुम्ही नको होता? पाच जणांना विचारलं, पाचही जणांना एकदम सर्दी झाली. मीही दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तब्येत विचारून परत आले.

दरम्यान विश्वेशने तोड काढली आहे. म्हणतो, काका अध्यक्ष राहू देत, त्यांना वर येणं जमत नाही, तर मी कार्याध्यक्ष होऊन काम बघतो. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. कोणाचं मन मोडत नाही ना! कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीनंतरच्या रविवारी बैठक आहे, त्यात ते मंजूर होणार. खाटा येऊनसुद्धा पडल्या. खाली चौकात उभ्या करून ठेवल्यात आणि मुली त्यांना वळसा घालून जिना चढतात. काल रुचीने विचारलं, "बाई, किताबें अभी से ले जाएँ क्या?" मी म्हटलं, "अजून मी बसले आहे ना?" पण माझ्या नुसत्या बसण्याने काय होतंय?

पंचगंगेवर आकाशदीप लागलेत. दिवाळी झाली म्हणायची.

बाद पर्चीत काही नव्हतं. मुकाट्याने 'एक बाद' लिही आणि मोकळी हो.

आत्या


पंचगंगा घाट, काशी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मधुरा हीस ढुंढिराज काकांचा आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या पद्धतीने मला अडचणीत टाकले म्हणून क्षमा मागतेस. अगं, क्षमा कसली? मी जन्मभर संस्कृत शिकवले, पण शाळेत असताना माझा कधी पहिला नंबर आला नव्हता. शहाऐंशीव्या वर्षी सदतीस जणांनी एकदम दिला. चार दिवस मी तो भोगून घेतला. मग विचार केला, आता पुरे.

काल बैठक झाली. विश्वेश आणि सुमंत यांनी मला खुर्चीसकट उचलून माडीवर नेले. ठराव वाचायला सुरुवात झाली तेव्हा मी काठी आपटली. म्हटले, मुलांनो, कोजागिरीला पहिला पेला मला देता. मी पितो का? सगळे हसले. नाही ना? मी हात लावतो आणि पुढे देतो. तुम्ही दिलेले हे अध्यक्षपदही तसेच. मी हात लावला. मान पोचला, फार बरे वाटले. आता पुढे द्यायचे. पण कोणाला द्यायचे हे मी कोण सांगणार? ज्याने त्याने माझ्यानंतर दुसऱ्या ओळीत ते लिहूनच ठेवले आहे. शरदिनी, काढ त्या पर्च्या.

तुझ्या आत्याने गुण बाजूला ठेवून नुसती माझ्यानंतरची नावे मोजली. विश्वेश एकोणीस, निवेदिता चौदा, मृणालिनी दहा. म्हणजे परत तेच, मागच्यासारखे. तेवढ्यात मृणालिनी उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "काका, माझेही पेले पुढे द्या." त्या दहा पर्च्यांत पुढचे नाव पाहिले, तर नऊ निवेदिताला, एक विश्वेशला. तेवीस विरुद्ध वीस. पोरी, मी सभा खूप पाहिल्या, पण हरणारीने अशी मान वर करून दिलेली जागा पाहिली नव्हती.

विश्वेशचेही सांगतो. तो उठून उभा राहिला. मग निवेदिताला म्हणाला, "ताई, खोली मुलींची. पण मेरे बूढ़े लोग कहाँ जाएँ, इतना तो बताइए." मी म्हटले, माझ्या ओसरीवर दोन खाटा मावतील, मलाही सोबत होईल. बाकीच्यांचे निवेदिता आणि तो मिळून बघणार आहेत. आज सकाळपासून एक नांदेडचे आजोबा माझ्या ओसरीवर घोरत आहेत. सोबत झाली खरी.

आता जे कोणाला बोललो नाही ते तुला लिहितो, कारण तू याचा अभ्यास करतेस.

बाद झालेली पर्ची माझी होती. मला "मला सोडा" म्हणायचे होते, तर तुझ्या आत्याने ओठावर बोट ठेवले. बोलायची चोरी झाली, म्हणून लिहिले. यादीत नसलेले एकच नाव लिहिले, शरदिनी. त्या माडीवर तीस वर्षे दिवा कोण लावतो? तू तिथे शिकून दिल्लीला गेलीस ती कोणामुळे? तिने पर्ची उघडली तेव्हा अक्षर ओळखले असणारच. माझ्याच हाताखाली देवनागरी गिरवली तिने. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, "बाद" म्हणाली. नियमाने ते बरोबरच.

मते कशी मोजावीत यावर तुम्ही एवढी पुस्तके लिहिता. यादी कोण लिहितो आणि त्यात कोणाचे नाव येतच नाही, यावरही कोणी लिहिते का? नसेल तर तू लिही. आपली यादी शरदिनीनेच लिहिली होती. गावातली चार नावे तिला सुचली.

तुझी बुद्धी पाहून मला आनंद होतो. प्रकृती सांभाळ.

ढुंढिराज


दिल्ली
२६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

काकांचं पत्र आलं. 'बाद पर्चीत काही नव्हतं' असं तू मला लिहिलंस! शाळेत एवढंसं खोटं बोललं तर तू आम्हाला बाकावर उभं करायचीस.

मी लायब्ररीत बसून रडले. खोली वाचली म्हणून रडले, मृणालिनीवहिनींसाठी रडले, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर चिडून रडले. मी तुझ्या हाताखाली शिकले, तीन महिने तुला पत्रं लिहीत होते, गुण आणि भोपळे शिकवत होते. 'आत्या, तू का उभी राहत नाहीस?' हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. काकांच्या आलं. नंदा मॅडमना सगळं सांगितलं तर त्यांनी काकांचा शेवटचा प्रश्न पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "चौथा अध्याय फाड दो. अब असली वाला लिखो."

तर आता तो यादीवर असेल. यादी लिहिणाऱ्याचं नाव यादीत का नसतं? तू सांग. तू का नाही घातलंस?

तुझी
मधुरा


दूधविनायक
४ डिसेंबर २०२४

चि. मधुरा,

काकांच्या पोटात काही राहत नाही. इतकी वर्षं व्याकरणाचे अपवाद बरे लक्षात ठेवले त्यांनी!

का नाही घातलं म्हणतेस. आमची आई सांगायची, वाढणारीने आपलं पान शेवटी घ्यावं. मी शेवटीसुद्धा घेतलं नाही, सवयच राहिली नाही. पर्ची उघडली तेव्हा मी ती चष्मा पुसून दोनदा वाचली. सुमंतला वाटलं, आत्याबाई म्हाताऱ्या झाल्या. बरं वाटलं गं मला. फार बरं वाटलं. घरी आले आणि एकटीच हसत बसले. एवढंच लिहिते, यापुढे हा विषय काढायचा नाही.

आणि मला अध्यक्षबिध्यक्ष व्हायचं नाही. बैठकीत मला शिट्टीशिवाय काही ऐकू येत नाही, तेव्हा निवेदिता आहे ते उत्तम आहे. तिने माडीवर नवी ट्यूबलाइट लावून घेतली. मुली आता दहा झाल्या. मृणालिनी मंगळवारी इंग्रजी शिकवायला येते आणि माझ्याच खुर्चीत बसते. बसू दे. रुचीने पुस्तकं परत फळीवर लावली.

आता माझा प्रश्न. तुमच्या त्या जानेवारीतल्या परिसंवादाची यादी तू लिहितेस ना? तुझं नाव घातलंस का? ऑक्टोबरात नाही म्हणाली होतीस, माझ्या लक्षात आहे. कान गेलेत, डोकं नाही. पत्र वाचून झालं की ऊठ आणि घाल. पहिलं मात्र नको, पहिल्या जागेला लोक हात जोडतात आणि पुढे जातात. दुसऱ्या ओळीत घाल.

तुझी
आत्या